निचऱ्याची घाई

बडोद्याच्या आसपासच्या काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले की कपाशी पिवळी पडते. मुळांना हवा मिळेनाशी होते. शेतकरी चर काढून पाणी ओहोळात सोडतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मात्र शेत ज्यातून मोकळे झाले, ते नदीला घ्यावे लागते.

काय जाते आणि काय राहते, हे मातीच ठरवते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. युरियापासून बनणारे नायट्रेटही ऋणभारित. ते मातीला चिकटून राहत नाही, झिरपत्या पाण्यासोबत निसटते. स्फुरद मात्र कणांना बिलगून असतो, तो मुख्यतः माती वाहून गेली की जातो. म्हणून उघड्या चरीतून गढूळ लोंढा सुटला तर स्फुरद जातो, आणि जमिनीखाली नळ्या घातल्या तर माती वाचते पण नायट्रेटला वाट मिळते. सांगली-कोल्हापुरात उसाच्या क्षारपड जमिनी सच्छिद्र नळ्या पुरून सुधारतात, तेव्हा पिकाला नकोसे झालेले मीठही ओढ्याकडेच निघते.

कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी बडोद्याने खंबातच्या आखाताकडे पन्नासहून अधिक किलोमीटरचा स्वतंत्र कालवा काढला. त्या पाण्याला उगम होता, मालक होता, म्हणून त्याची मोजणीही करता येते. शेतातले पाणी असंख्य बांधांवरून उतरते आणि विश्वामित्री नदीतून ढाढर नदीला मिळेपर्यंत निनावी होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नको, असे भारतीय मानक सांगते; पण ते नळाचे मानक आहे, बांधाचे नव्हे.

डभोईजवळचा वढवाणा तलाव गायकवाडांच्या राजवटीत सिंचनासाठी बांधला गेला. २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. अशा रेंगाळत्या पाण्यात गाळ खाली बसतो, आणि चिखलातले प्राणवायूविना जगणारे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेला परत देतात. त्यालाही मर्यादा आहे. खत फार आले तर तलावच शेवाळाने भरतो. तरी यातून एक गोष्ट कळते. पिकाला पाणी लवकर जायला हवे असते, नदीला ते उशिरा यायला हवे असते. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. या दोन वेळांमध्ये बसेल एवढी गवताची, लव्हाळ्याची, डबक्याची जागा लागते. ती कोणाच्या सातबाऱ्यातून वजा करायची, याचे उत्तर मात्र रसायनशास्त्र देत नाही. ते गावालाच द्यावे लागेल.