कपाचा कान

कपाला कान लावताना मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यातल्या एका गल्लीत. छोटं दुकान आहे. पुढे चार फळ्यांवर कप, वाडगे, झाकणाच्या बरण्या. मागे चाक आणि भट्टी. दुकान चालवणाऱ्या ताई माती स्वतः मळतात, घडवतात, भाजतात आणि स्वतःच विकतात. मी दोन कप घ्यायला गेलो आणि तासभर बसून राहिलो.

कान चाकावर होत नाही. ताईंनी मुळ्याएवढा मातीचा गोळा डाव्या हातात उभा धरला, उजवा हात पाण्यात बुडवला आणि गाईची धार काढावी तशी माती खाली ओढायला लागल्या. दरवेळी हात ओला, दरवेळी एक ओढ. हळूहळू खाली एक लांब, चपटी पट्टी लोंबू लागली. तिचा तुकडा तोडून त्याला बाक दिला. कपाच्या अंगावर दोन जागी सुईने ओरखडे काढले, त्यावर पातळ चिखल लावला, कान टेकवला आणि अंगठ्याने दाबला. दाबताना दुसऱ्या हाताची दोन बोटं कपाच्या आत, आधाराला.

मग कप प्लास्टिकखाली झाकला. मी विचारलं, उन्हात का नाही ठेवत? म्हणाल्या, ‘‘दोघं बरोबर सुकायला हवेत.’’ माती सुकताना आणि भाजताना आटते. ओल्या कपाचा भाजून कप होईपर्यंत त्याचा साधारण दहावा हिस्सा कमी होतो. अंग आधीच सुकलेलं आणि कान ओला असला तर कान जास्त आटतो आणि सांध्यावर चीर जाते. ही चीर कधी कधी शेवटपर्यंत लपून राहते. हजारेक अंशांची पहिली भाजणी होते, कपावर काचेचा लेप चढतो, मग बाराशेच्या वरची दुसरी भाजणी होते, आणि तेव्हा कुठे ती दिसते. इतक्या दिवसांचं काम जातं. भाजलेल्या कपाला मातीचा नवा कान लावता येत नाही.

चीनमधले जुने चहाचे पेले बिनकानाचे. ते युरोपात गेले तेही तसेच. तिथे चहाच्या कपाला कान लावायची रीत पडली ती अठराव्या शतकात. आपल्याकडे अशी कडक भाजलेली भांडी हातांनी घडवायची कला रुजवण्यात पुद्दुचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचा मोठा वाटा आहे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती 1971 साली सुरू केली. तिथे शिकलेल्यांनी गावोगावी आपापली चाकं मांडली. ताईंचे गुरू त्यांतलेच.

हे सगळं ऐकताना मला आमच्या घरातला एक कप आठवत होता. मागच्या खिडकीत पालथा असायचा. कान तुटलेला. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा तो कप. घरातल्या कपाचा कान तुटला की तो कप टाकून द्यायचा नाही, त्या खिडकीत ठेवायचा, अशी रीतच होती. मावशी चहा पिऊन तो स्वतः विसळायच्या आणि परत पालथा घालायच्या. चहा कडकडीत असायचा आणि धरायला कान नव्हता, म्हणून पदराचं टोक गुंडाळून त्या कप धरायच्या. सकाळपासून चार घरची भांडी घासून आलेले ते हात होते. मी रोज बघत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

शिवाशिवीची ही रीत आमच्या एका घरची नव्हती. खेड्यात तो कप गोठ्यात किंवा वळचणीला खोचलेला असे, शहरात खिडकीत. शिवाशिव मोडून तळ्याचं पाणी सगळ्यांना घेता यावं म्हणून महाडला 1927 साली सत्याग्रह झाला, तळ्यापर्यंत माणसं चालत गेली. खिडकीतला कप घराच्या आत होता. तिथवर मोर्चा पोचत नाही. तो काढायचा तर घरातल्यांनीच काढायला हवा.

मी बसलो होतो तेवढ्यात टेम्पोवाले दादा मातीची पोती घेऊन आले. ताईंनी चहा केला. फळीवरचे विकायचेच कप काढले, त्यांना एक, मला एक, स्वतःला एक. कान तुटलेले कपही दुकानात होते, पण त्यांत ब्रश ठेवले होते.

उद्या सकाळी घरी कामाला येणाऱ्या मावशींना चहा द्याल, तेव्हा कप कुठला आहे ते बघा. त्यांच्यासाठी वेगळा ठेवला असेल तर आजच काढून टाका, आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्यांपैकी एक खाली घ्या.