सुवर्णाने व्याधी जाते काय?

वारकऱ्याने सोन्याचा मोह धरू नये, हे निरूपण आम्ही जन्मभर करीत आलो. परंतु अलीकडे कीर्तन आटोपल्यावर मायबहिणी निराळेच विचारतात : "बुवा, पाटली मोडून सुवर्णभस्म घेतले, तर गुडघे बरे होऊन वारी घडेल का हो?" हा प्रश्न मोहाचा नाही, पायांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावयास हवे.

आधी ग्रंथ पाहू. आश्वलायन गृह्यसूत्रात जातकर्माच्या वेळी सोने उगाळलेले मध-तूप बाळास चाटविण्यास सांगितले आहे. काश्यपसंहितेच्या लेहनाध्यायात तर फळही दिले आहे : महिनाभर चाटविल्यास बालक मेधावी होते, सहा महिने चाटविल्यास ऐकलेले सर्व ध्यानात ठेवते. आम्ही पाठशाळेत वाढलेले; अशा फलश्रुतीला मीमांसक अर्थवाद म्हणतात. कर्माकडे मन वळावे म्हणून केलेली ती स्तुती. आज पुष्यनक्षत्रावर थेंब पाजण्याची शिबिरे भरतात आणि त्याच स्तुतीची हमी करून विकतात! शिवाय वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच देऊ नये. मधातील जंतुबीजांपासून क्वचित बाळाच्या आतड्यात अंग लुळे पाडणारे विष तयार होते, हे आता पक्के ठरले आहे. सूत्रकारांपुढे हे ज्ञान नव्हते, आपल्यापुढे आहे.

मग सोन्यात गुण नाहीच काय? तसेही नाही. १८९० साली रॉबर्ट कॉख या जर्मन पंडिताने सोन्याच्या एका क्षाराने क्षयाचे जंतू काचनळीत वाढेनासे होतात, असे सांगितले. क्षयरोग्यांना त्याचा उपयोग झाला नाही. पुढे फ्रान्समधील फोरेस्तिए या वैद्याने आमवातही क्षयासारखाच जंतूंचा रोग असावा अशा समजुतीने सोन्याचे क्षार टोचले, आणि १९२९ साली गुण आल्याचे प्रसिद्ध केले. गंमत पाहा, समजूत चुकीची निघाली, पण गुण खरा ठरला! कित्येक वर्षे ती सुई चालली. मात्र गुण यायला महिने लागत, आणि त्वचा, मूत्रपिंड, रक्त यांना अपाय होई. म्हणून लघवी-रक्त वारंवार तपासावे लागे. याहून बरी औषधे आल्यावर ती मागे पडली.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तो गुण क्षाराचा होता, धातूचा नव्हे. मिठाईवरचा सोन्याचा वर्ख जठरातील आम्लात विरघळत नाही. जसा गेला तसाच बाहेर पडतो. आणि तो गुण आमवातावर होता. चालून चालून, वयाने झिजलेल्या गुडघ्यावर ती सुईही चालत नसे.

आता पाटलीचे. सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडत असतील, सुजत असतील, तर आमवाताची शंका घेऊन डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. त्यावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी पुष्कळदा देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते बरे, रोज नव्हे. गुडघा नुसता झिजला असेल, तर मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आणि वजन उतरविणे. या दोहोंपैकी कशासाठीही सोनाराकडे जावे लागत नाही.