नगरसेवेचे मोल

शिरूरकडील आमचा एक जुना विद्यार्थी परवा भेटावयास आला. त्याची वकिली बरी चालते. गावच्या नगरपरिषदेची निवडणूक लढवावी, की पुण्यास येऊन मोठ्या राजकारणात उतरावे, असा त्याचा प्रश्न होता. "मोठे क्षेत्र धर," हे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. पण आम्ही ते गिळले. कारण आम्ही मूळचे दौंडचे. एकदा आगगाडीने पुण्यास आलो, ते परत म्हणून गेलो नाही.

पाणी, गटारे, दिवाबत्ती ही सामान्य वकुबाच्या माणसांची कामे, असा आम्हां सुशिक्षितांचा समज आहे. नरसिंह चिंतामण केळकर यांचा तो नव्हता. १८९८ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. १९१८ मध्ये आणि पुन्हा १९२२ ते १९२४ या काळात अध्यक्ष होते. 'केसरी'चे संपादक व टिळकचरित्रकार म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. नगराध्यक्ष केळकर क्वचितच कोणास आठवतात.

जर्मनीतील कोनराड आडेनॉअर यांचेही तेच. १९१७ ते १९३३ ते कलोनचे नगराध्यक्ष होते. जुनी तटबंदी पाडल्यावर त्या जागी त्यांनी शहराभोवती वृक्षराजीचा पट्टा राखविला. १९३३ च्या फेब्रुवारीत हिटलरच्या भेटीसाठी पुलावर लावलेली नाझी निशाणे त्यांनी उतरवविली. पुढच्याच महिन्यात त्यांचे पद गेले. जग मात्र त्यांस ओळखते ते १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले म्हणून.

मग विस्मृतीत जाणारे काम कमी मोलाचे काय? आम्हांस उलट वाटते. देशाच्या सभेत चूक झाली, तर दोष शेकडोंत वाटला जातो. गावात न आलेले पाणी शेजारणीच्या रिकाम्या घागरीत दिसते. कीर्ती थोडी आणि जाब रोजचा, अशा ठिकाणीच मनुष्याच्या निःस्वार्थतेची खरी परीक्षा होते. तेथे हेवेदावे फार, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु भल्या माणसांनी मोकळ्या सोडलेल्या जागेतच ते माजतात.

"गाव तुला मोठे करणार नाही," आम्ही विद्यार्थ्यास म्हणालो, "पण तू त्यास थोडे बरे करू शकशील."

तो शिरूरच्या गाडीत बसला. आम्ही अद्याप पुण्यासच आहोत, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.