निळा दोरा

दिवाळीला नात पुण्याहून आली. आल्या आल्या माझा हात धरून तिनं मनगटाला एक निळा दोरा बांधला. तीन पदरांची वेणी, मधे दोन लाकडी मणी. म्हणाली, "आबा, मी स्वतः केलाय. झाडाच्या निळीत रंगवलाय. हा हातात असला की सगळं चांगलं होतं."

रंग कसा करतात ते तिनं सांगितलं. निळीचं झाड तुरीसारखं शेंगवर्गातलं. पाला पाण्यात भिजत घालून आंबवायचा. पाणी हिरवट-पिवळं होतं. मग ते घुसळायचं, म्हणजे हवा लागून नीळ खाली बसते. सूतसुद्धा रंगातून काढलं की आधी हिरवं दिसतं आणि आपल्या डोळ्यांदेखत निळं होतं. जितक्या वेळा बुडवावं तितका रंग गडद.

मी तिला चंपारणचं सांगितलं. तिथल्या कुळांना वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्या गोऱ्यांसाठी नीळ लावावीच लागायची. पोटाला धान्य नसलं तरी नीळ. राजकुमार शुक्ल नावाचा शेतकरी गांधीजींच्या मागं लागला, ते 1917 साली तिथं गेले, आणि पुढच्या वर्षी कायदा होऊन ती सक्ती गेली. नात गप्प झाली. म्हणाली, "मग हा रंग अशुभच की!"

मी म्हटलं, "बाई गं, झाडाचा काय दोष? दोष सक्तीचा."

पण दोऱ्याविषयी माझ्या मनात जे होतं ते मी तेव्हा बोललो नाही. ते इथं लिहितो.

माझ्या पाठचा भाऊ दोन वर्षांचा होता. आईनं त्याच्या हातात दृष्टीचा काळा दोरा बांधलेला. आंघोळ घालताना दोरा कुजलेला दिसला, तिनं तोडला. शनिवारी नवा बांधू म्हणाली. त्याआधीच पोर तापानं फणफणलं. पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पाणी. वडिलांनी दोनदा गाडी जुंपली, दोनदा ओढ्यावरनं परत आणली. दवाखाना ओढ्यापलीकडं सात मैलांवर. तिसऱ्या दिवशी पोर गेलं.

आई पुढं चाळीस वर्षं जगली. एवढ्या वर्षांत ती एकच म्हणत राहिली, "मी दोरा तोडला." बायकाही तेच म्हणायच्या, हळू आवाजात. ओढ्यावर पूल का नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. सगळा दोष एका बाईच्या पदरात पडला आणि गाव मोकळं झालं. पूल व्हायला पुढं कितीतरी वर्षं गेली.

म्हणून मला वाटतं, दोरा बांधावा की नाही हा प्रश्न तितका मोठा नाही. बांधणाराची माया खरी असते. पण चांगलं झालं की दोऱ्याचं श्रेय, हे एकदा मानलं, की वाईट झाल्यावर बांधणाराला गुन्हेगार ठरवावंच लागतं. आणि खरा गुन्हा कुठला ते बघायचं राहून जातं. चंपारणचा तो शेतकरी नशीब म्हणून बसला असता तर तीन कठ्ठे सुटले नसते.

मग मी दोरा काढला का? नाही काढला. नात परत निघाली तेव्हा एस. टी. स्टँडवर तिला एवढंच म्हणालो, "हा तुटेल कधीतरी. मी म्हातारा माणूस, मलाही काहीतरी होईल कधीतरी. दोन्ही एकाच दिवशी झालं तरी त्यांचा संबंध जोडू नको."

ती हसली. तिला वाटलं आबा चेष्टा करतायत.

ज्वारी खुरपताना दोरा मातीनं मळतो. हात धुतला की पुन्हा निळा दिसतो. आई असती तर तिलाही हेच सांगितलं असतं. ती असताना सांगायचं मला सुचलं नाही.