दैवाच्या नावावर किती खपवायचे?

जून 2022 मध्ये भारताचा पुरुष फुटबॉल संघ आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचे तीन सामने कोलकात्यात खेळला आणि तिन्ही जिंकला. सव्वा वर्षाने, सप्टेंबर 2023 मध्ये, ‘इंडियन एक्स्प्रेस’ने त्यातल्या अफगाणिस्तानविरुद्धच्या सामन्याची एक आतली गोष्ट छापली. बातमीनुसार प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी सामन्याआधी खेळाडूंची यादी एका ज्योतिषाकडे पाठवली होती. प्रत्येक नावापुढे त्या दिवसापुरता शेरा लिहून आला: याचा दिवस चांगला, याने फाजील आत्मविश्वास टाळावा, याला आज खेळवू नये. ज्यांच्यापुढे प्रतिकूल शेरा होता असे दोन महत्त्वाचे खेळाडू पहिल्या अकरांत दिसले नाहीत. बातमी वाचून विवेकवाद्यांनी कपाळाला हात लावला, आणि श्रद्धाळूंनी विषय टाळला. वास्तविक उत्तर द्यायची पाळी श्रद्धाळूंवरच होती. ग्रह पाहून संघ निवडणे हा विज्ञानाचा अपमान आहेच. पण ज्या धर्मपरंपरेच्या नावाने ते खपवले जाते, तिच्याही विरोधात ते जाते. दैव मानणाऱ्या माणसालाही आपल्या वाट्याचा निर्णय दैवावर ढकलण्याची मुभा आपल्या परंपरेने दिलेली नाही.

दैवावर भिस्त ठेवून जगावे लागते म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याइतके थोड्यांनाच ठाऊक असेल. जिंतूर, सेलू, पूर्णा, पालमच्या घराघरांत भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका असते आणि पावसाच्या तोंडावर तिच्यात दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली नक्षत्र. सूर्य मृगात 7-8 जूनच्या सुमारास शिरतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसू. ही सूर्याच्या गतीवर बांधलेली कालगणना आहे आणि पेरणीचा हंगाम ओळखायला ती पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली आहे. दुसरी गोष्ट वाहन. सूर्याच्या नक्षत्रापासून, सूर्य त्यात शिरतो त्या दिवशीच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला 9 ने भागायचे आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा असे वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर भरपूर पाऊस, कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ. नक्षत्राला निसर्गाचा आधार आहे, वाहन हा निव्वळ भागाकार. हा फरक शब्दांत मांडता येवो न येवो, शेतकऱ्याच्या वागण्यात तो असतो. वाहन हत्ती आहे म्हणून कोरड्या रानात कोणी तिफण धरत नाही. ढेकूळ फोडून ओल किती खोल गेली ते पाहतो, आणि मगच सोयाबीनची पिशवी फोडतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्लाही तेच सांगतो. पाऊस पडणे त्याच्या हातात नाही, पण कधी पेरायचे हे त्याच्या हातात आहे, आणि दुबार पेरणीचा खर्च कोणताही ग्रह भरून देत नाही, हे तो जाणतो.

ग्रंथही वेगळे सांगत नाहीत. महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव मोठे की पुरुषप्रयत्न, हा थेट प्रश्न युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, आणि भीष्म वसिष्ठ व ब्रह्मदेव यांचा संवाद सांगतात. त्यात प्रयत्नाला शेत म्हटले आहे आणि दैवाला बी. दोन्ही एकत्र आल्याशिवाय पीक येत नाही. त्याच प्रकरणात, नुसत्या दैवावर विसंबून बसणाऱ्याला काहीही मिळत नाही, असा निर्वाळाही आहे. शिवाय कर्मसिद्धांतात दैव म्हणजे आकाशातून आलेला हुकूम नसून आपल्याच आधीच्या कर्माचा साठा आहे. मग दैवाच्या भरवशावर कर्म टाळणे हे त्या सिद्धांतातच बसत नाही. भक्तिमार्गाचा पुरावा तर परभणीकरांच्या घरचाच आहे. जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. वारकरी परंपरेत विठ्ठल जनीबरोबर दळू लागतो, तिच्या कामाला हात लावतो. या कथांमध्ये जनी कधी जाते सोडून बसलेली नाही. देव येतो तो काम चालू असताना, खुंट्याला दुसरा हात लावायला. दळण मुळीच न घालता पीठ मागणारी भक्ती संतांनी शिकवलेली नाही.

आता या कसोटीवर भारतीय फुटबॉलचा इतिहास पाहावा. परभणी जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यानंतर तीनच आठवड्यांनी मेलबर्नचे ऑलिंपिक सुरू झाले आणि तिथे भारत चौथा आला. त्या संघाचा प्रशिक्षक याच हैदराबादचा, पेशाने शिक्षक असलेला सय्यद अब्दुल रहीम. त्याच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकला होता. राष्ट्रीय संघाने त्याच्याच हाताखाली 1951 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इराणला 1-0 ने हरवून सुवर्ण घेतले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार खाल्ला. तेव्हा ग्रहांची शांत करून भागवले असते, तर मेलबर्न घडले नसते. बोध घेतला गेला, अनवाणी खेळणे संपून बूट सक्तीचे झाले, आणि चार वर्षांनी मुंबईच्या नेव्हिल डिसूझाच्या तीन गोलांच्या जोरावर भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवले. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एक लाखाच्या विरोधी गर्दीपुढे दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना होता. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके होते. रहीमने त्याला बसवले नाही, पुढच्या फळीत नेले, आणि भारताच्या दोन गोलांपैकी एक त्याने केला. ही निवड जोखमीची होती, पण तिचे कारण सांगता येण्याजोगे होते आणि चुकली असती तर दोष रहीमच्या माथी आला असता. रहीम जून 1963 मध्ये कर्करोगाने गेला. पुढच्या वर्षी संघ आशियाई चषकात दुसरा आला आणि मग घसरण लागली. इतर देशांनी मुलांच्या वयोगटांपासून बांधणी केली, आपल्याकडे ती झाली नाही. साडेसातीसुद्धा साडेसात वर्षांत संपते. ही उतरण साठ वर्षे चालली आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: पण 2022 च्या त्या तीन सामन्यांत विजय मिळालाच ना? मिळाला. अफगाणिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीने 86 व्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला, दोन मिनिटांत बरोबरी झाली आणि भरपाईच्या वेळेत सहल अब्दुल समदने सामना काढला. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, आणि छेत्रीचा पाय हे कारण पुरेसे आहे. ग्रहांचा हात मानायचा असेल तर जानेवारी 2024 चा हिशेबही त्यांच्याच खात्यावर मांडावा लागेल. कतारमधल्या मुख्य स्पर्धेत ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1. तीन पराभव आणि एकही गोल नाही. जिंकले की पत्रिका, हरले की प्रशिक्षक, अशी वाटणी चालत नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद अशा 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन मूल कोणत्या गटातले ते ओळखायला सांगितले. 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष आला: नाणे उडवून जे साधले असते त्यापेक्षा सरस काही हाती लागले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. श्रद्धेने मनाला बळ येते, मग ती खेळाडूंपासून का काढून घ्यावी? काढून घेऊच नये. मैदानात उतरताना कोणी गवताला हात लावून कपाळाला लावतो, कोणी दुआ मागतो, कोणी छातीवर क्रूस काढतो. पोखर्णीच्या नृसिंहाला नवस बोलणारा किंवा परभणीच्या तुराबुल हक दर्ग्यावर चादर चढवणारा माणूस स्वतःसाठी मागतो आणि त्याची किंमतही स्वतः मोजतो. संघनिवडीतली पत्रिका वेगळी आहे, कारण तिची किंमत दुसरा मोजतो. ज्याला वगळले, त्याने वर्षानुवर्षे घाम गाळलेला असतो. पास चुकतो म्हणून बसवला तर तो पास सुधारील. धावण्यात कमी पडला म्हणून बसवला तर पहाटे उठून पळेल. चंद्र आडवा आला म्हणून बसवला तर त्याने काय सुधारायचे? जन्मवेळ? कर्मसिद्धांताची सगळी नैतिक ताकद ज्याच्या त्याच्या कर्माला त्याचे फळ मिळण्यात आहे. इथे तर खेळाडूचे कर्म पाहण्याआधीच फळ ठरले. धर्माच्या भाषेत याला अन्याय म्हणतात.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. खेळात दैव असते, आणि ते क्रूर असते. जानेवारी 2022 मध्ये महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रात झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली. 23 जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध उतरायचे, तर कोरोनामुळे किमान 13 खेळाडूही उभे करता येईनात. यजमान संघ स्पर्धेतून बाद झाला आणि आधीची बरोबरीही पुसली गेली. पुरुषांच्या वाट्याला 11 जून 2024 ला दोहात असेच आले: चेंडू गोलरेषेबाहेर जाऊन आलेला असतानाही कतारचा गोल धरला गेला, 1-0 ची आघाडी 1-2 अशी उलटली आणि विश्वचषकाच्या पुढच्या पात्रता फेरीची वाट बंद झाली. हे दैव नाही असे कोण म्हणेल? पण यातले काहीही कोणाच्या पत्रिकेतून आधी कळले नव्हते, आणि कळले असते तरी निवड बदलून ते टळले नसते. दैव आपल्या हाताबाहेर सुरू होते, म्हणून तर हातातले काम नीट करायचे. महिला संघाने तेच केले. 5 जुलै 2025 रोजी थायलंडला त्यांच्याच चियांग मायमध्ये 2-1 ने हरवून, संगीता बासफोरच्या दोन गोलांवर, त्यांनी 2026 च्या आशियाई चषकात पात्रता फेरी खेळून स्थान मिळवले.

पुरुष संघाचे तसे झाले नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर, घरच्या प्रेक्षकांपुढे आघाडी घेऊनही सिंगापूरकडून 1-2 असा पराभव झाला आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. या पराभवाचा दोष दैवाला देणे सोपे आहे, म्हणूनच तो देऊ नये. पुढच्या स्पर्धेआधी संघासाठी खुशाल प्रार्थना करा. देवळात करा, दर्ग्यात करा, चर्चमध्ये करा. पण निवडणाऱ्याला एकच प्रश्न विचारत राहा: ज्याला वगळले, त्याच्या तोंडावर सांगता येईल असे कारण तुमच्याकडे आहे का? नसेल, तर ती निवड ना खेळाच्या नियमात बसते, ना धर्माच्या.