पुसणं

आजी गेल्यावर तिच्या मातीच्या सात कुंड्या माझ्या बाल्कनीत आल्या. सगळ्यांवर पांढरे थर. तो मळ नव्हे, क्षार. बोअरचं जड पाणी कुंडीच्या छिद्रांतून झिरपतं, बाहेर वाळतं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे तिने रोज घातलेल्या पाण्याची ती नोंदच.

एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी. त्यात पहिली कुंडी बुडवली. बुडबुडे आले आणि माझा हात थांबला. हे घासून काढायचा मला काय अधिकार? शेवटची दोन वर्षं मी तिला धड फोनही केला नव्हता.

मग लक्षात आलं, थर जपायचा हट्ट तिच्यासाठी नव्हताच. तो माझ्या अपराधी मनासाठी होता. क्षार साचले की कुंडीची छिद्रं बुजतात, मुळांना त्रास होतो. आजीने कुंड्या झाडांसाठी ठेवल्या होत्या, आठवणींसाठी नाही.

मराठीत पुसणं म्हणजे साफ करणं, आणि विचारणंही. तिला पुसायचं राहून गेलं. ते आता भरून निघणार नाही. सातही कुंड्या घासल्या, साध्या पाण्यात भिजवल्या, एकीत तुळस लावली. हात धुतले आणि आईला फोन लावला.