थांबायचं कोणी ठरवायचं?

वाराणसीत नारद घाटाला लागून राजा घाट आहे. त्याचं जुनं नाव अमृतराव घाट. पेशवे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०२च्या धामधुमीत काही महिने पुण्याचा कारभार पाहिला. पुढच्याच वर्षी इंग्रजांकडून वर्षाला सात लाखांचा तनखा ठरवून घेऊन ते राजकारणातून बाजूला झाले. काशीत त्यांनी हा घाट नव्याने बांधून काढला. त्या काळी उसंत मिळे ती अशा तनखेदारांना.

कष्टकऱ्याला ती झगडून मिळवावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत मजूर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांच्यासाठी आठवड्याच्या सुटीची मागणी केली. रविवार पदरात पडायला १० जून १८९० उजाडला.

आज अनेकजण आपणहून रात्री उशिरापर्यंत काम करतात आणि त्याचं कौतुकही होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. मनाचं नुकसान त्याआधीच सुरू होतं: झोप तुटते, चिडचिड वाढते, साध्या गोष्टी आठवेनाशा होतात. सलग सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू घेतलेल्या माणसासारखा चुकतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. आणि दारू चढलेल्याप्रमाणेच त्यालाही वाटतं, आपण ठीक आहोत.

नैतिक पेच इथेच आहे. अतिश्रम पहिला घाव घालतात तो सारासार विचारावर. ‘आता पुरे’ हे ज्या बुद्धीने ठरवायचं, तीच थकलेली असते. त्यात नोकरी जाण्याची, मागे पडण्याची धास्ती. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये कामाचे तास वाढवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जादा कामासाठी कामगाराच्या लेखी संमतीची अट घातली. पण धास्तावलेल्या, दमलेल्या माणसाच्या सहीला संमती म्हणायचं का?

म्हणून मर्यादा बाहेरूनच पडायला हवी. काही कायद्याने, उरलेली वरिष्ठाच्या विवेकाने. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांनी रात्री फोन लावण्याआधी एवढंच स्वतःला विचारावं: हे सकाळी सांगितलं तर काय बिघडेल? बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही.